नवरी ठरवलेला मासा

अन्याय झाला तो आमच्या काचेच्या पेटीतल्या फिक्या माशावर. कधी, तेही सांगते. देशात पहिलं मतदान झालं त्या हिवाळ्याच्या शेवटी, मार्कंड्याची शिवरात्रीची जत्रा उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या ओसरीवर, सगळ्यांच्या देखत. त्याच ओसरीवर माझी मोठी बहीण बसली होती. तिच्यावरच्या अन्यायाचा दिवस मात्र मला सांगता येत नाही, कारण तो रोज होत होता, आणि रोजच्या गोष्टीचा दिवस कोणी लक्षात ठेवत नाही.

मी पत्रकं लिहिते. तळ्यावर मासे धरणाऱ्या आमच्या लोकांचा तळ्यावर हक्क काय, ठेकेदाराला जाब कसा विचारायचा, असलं सगळं त्यात असतं. पत्रकात मासे येतात ते टोपल्याने. हा एकटा मासा कुठल्याच पत्रकात बसला नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचं घर तळ्याच्या पाळीखाली. बाबा तळ्यात आणि वैनगंगेत जाळं टाकतात. मामा रेल्वेत होता, त्याने तारयंत्राच्या जुन्या बॅटरीची काचेची चौकोनी पेटी कुठूनशी आणून दिली होती. मायने ती राखेने घासघासून धुतली आणि लोणच्याला ठेवली. मग तिच्या लक्षात आलं की एवढ्या तोंडाला झाकण मिळणार नाही. पेटी ओसरीवर तशीच पडून राहिली.

आमच्या घरी लेक जत्रेला माहेरी येते आणि होळी झाली की जावई न्यायला येतो. बहीण त्याप्रमाणे आली, पण या खेपेला ती बोलेना. मार्कंड्याला दर्शन घेतलं, नदीच्या वाळूत माझ्याशेजारी बसली, आणि बांगड्यांच्या दुकानांपुढून मान वळवून निघून गेली. ही तीच, जी लहानपणी बांगड्यांसाठी वाळूत लोळायची. घरी आल्यावर माय तिच्या केसांना तेल लावायला बसली. तेल लावता लावता मायचं बोट तिच्या कानामागे एका जागी थांबलं. मग बोट पुढे सरकलं, पण फार हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या जाळ्यात काठच्या गवतातून दोन मासे आले. बोटाएवढे, चपटे, अंगावर तिरपे पट्टे, आणि पोटाखालून दोऱ्यासारख्या दोन लांब मिश्या. या मिश्यांनी हे मासे समोरच्याला चाचपतात, आंधळ्याने चेहऱ्यावरून हात फिरवावा तसे. खायला त्यांच्यात काहीच नसतं. बाबांनी ते लेकीसाठी आणले होते. तिचं तोंड जरा हलेल एवढीच त्यांची आशा, पण ती बोलून दाखवायची रीत आमच्या बाबांना नाही. तळ्याचं पाणी आणि थोडं शेवाळ घालून त्यांनी मासे पेटीत सोडले आणि जाळं वाळत घालायला निघून गेले.

एक मासा लाल-निळा, पेटल्यासारखा. दुसरा राखेच्या रंगाचा. शेजारची म्हातारी आजी कंबरेवर हात ठेवून बघत होती. तिने निकाल दिला, "हा नवरा आन् हे नवरी." झालं. मोहल्ल्यातल्या बाया जमल्या. कोणी हळदीचं बोट काचेला लावलं, कोणी पाण्यावर अक्षता टाकल्या, आणि आमच्या ओसरीवर माशांचं लगन लागलं. तांदळाने पाणी नासेल म्हणून बाबा लांबूनच कुरकुरले. बहीण त्या दिवशी पहिल्यांदा हसली, हे मी नाकारत नाही.

अक्षता खाली बसायच्या आत लाल माशाने सगळे पर उघडले. तो फिक्याच्या पुढ्यात आडवा झाला, म्हणजे अंगाची सगळी रुंदी दिसावी असा. तसाच थरथरला. शेपटीने पाण्याचा फटका दिला आणि मग चावायला धावला. फिका पर मिटून शेवाळाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. श्वास घ्यायला वर यावंच लागतं या माशांना, आणि तो वर आला की लाल मासा तिथे हजर. बाया हसून बेजार. नवरा रागावला म्हणे. नवरी लाजून राह्यली म्हणे. एकीने सांगितलं की नवरीने चुलीवरचा भात करपवला असेल. माय हसली नाही. पण ती जे बोलली ते मला तेव्हाही डाचलं आणि आजही डाचतं. "सुरवातीले होते थोडं थोडं. साऱ्याईलेच होते."

बहीण पेटीजवळून उठेना. लाल मासा धावला की ती काचेवर हात ठेवायची, त्या दोघांच्या मधोमध. काचेबाहेरचा हात बघून तो क्षणभर बिचकायचा. फिक्याला तेवढंच एकदा वर जाऊन येता यायचं. मग तिने बाबांना विचारलं, याला वेगळं ठेवू का. बाबा म्हणाले, नवरा-बायकोले काऊन वेगळं करतेस? आजीनेही सांगितलं की लागलेलं लगन मोडू नये, माशाचं का असेना. सगळेच गमतीत बोलत होते. बहिणीने मान खाली घातली. तिला गंमत ओळखू येत नव्हती असं नाही. तिला हीच वाक्यं गमतीशिवाय ऐकायची सवय होती.

पुढे एका सकाळी फिक्याची शेपटी फाटलेली दिसली. तेव्हा तिने कोणाला विचारलं नाही. फुटक्या रांजणाचं बूड परसात पडलं होतं, त्यात पाणी भरलं, शेवाळाचा झुबका टाकला आणि दोन्ही तळहातांच्या ओंजळीत मासा नेऊन त्यात सोडला. मी तिच्या मागेच होते. ओंजळ उघडल्यावर मासा लगेच गेला नाही. मिशीचा दोरा तिच्या बोटाला लावून बघत राहिला. "जाय ना," ती म्हणाली, "इथी कोणी नाई."

होळीच्या आत त्या माशाला रंग चढला. आधी पोटाखाली शेंदरी, मग पट्ट्यांमधून निळा, आणि पुढे तर पेटीतल्या नवऱ्यालाही फिकं पाडील असा. शेपटीचा फाटका कोपरा भरून आला. मग तो तोंडाने एक एक बुडबुडा सोडायला लागला आणि शेवाळाच्या आधाराने पाण्यावर फेसाचं घर बांधलं. ते कोणी येण्याआधीच बांधून ठेवायचं, ही या माशातल्या नराची रीत.

बाबांनी वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, हा तं नर आहे."

बातमी मोहल्लाभर झाली. ज्या बायांनी हळद लावली त्याच पुन्हा आल्या. आजी तर रांजणाच्या बुडापाशी फतकल घालून बसली आणि कळवळून म्हणाली, "बिच्चारा. उगाच मार खाल्ला ना त्यानं." सगळ्या हळहळल्या. उगाच, अगदी उगाच.

बहीण चूल फुंकत होती. फुंकणी खाली ठेवून ती म्हणाली, "मादी असती तं उगाच नसता का, आजी?"

माय दळत होती, जात्याचा आवाज बंद झाला. आजी वाईट बाई नव्हती. तिने एकदा रांजणाकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि मग पदर तोंडाला लावून तशीच बसून राहिली. माय जात्यावरून उठली, पिठाचे हात तसेच घेऊन बहिणीजवळ आली, तिचे केस बाजूला सारले आणि कानामागची ती जागा उघड्यावर, सगळ्यांपुढे पाहिली.

होळी झाली आणि जावई आला. धुतलेला सदरा, पीळ दिलेल्या मिश्या. अंगणात उभा राहिला तोही आडवा, छाती दिसेल असा, आणि खाकरला. मला हसू आलं, मी ते दाबलं. मायने पाय धुवायला पाणी दिलं, बाज टाकली, सगळं रीतीने केलं. मग म्हणाली, "जेवून जा, जवाईबापू. पोरगी येणार नाई."

त्याने काऊन म्हणून विचारलं. "थे तुमाले ठाऊक आहे," माय म्हणाली.

मग तो बाबांकडे वळला. घरचा माणूस काही बोलेल, अशी त्याची अपेक्षा. बाबा काचेच्या पेटीकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "पेटी लहान होती, बापू. चूक झाली आमची." जावयाला काही कळलं नाही. तो तापला, बरंच बोलला, जेवला नाही, गेला. पुढे पंचायत बसली, चारचौघांनी मायला समजावलं. माय हलली नाही.

मासे शहाणे असतात आणि माणसं मूर्ख, असं मी म्हणत नाही. उन्हं तापल्यावर बाबांनी लाल माशाला तळ्यात सोडलं. मग रांजणातला मासा, त्याचं शेवाळ आणि जाळ्यात सापडलेली एक खरीखुरी मादी, सगळं पेटीत ठेवलं. त्याने पुन्हा फेस बांधला. पर उघडले, तिच्यापुढे थरथरला, पण चावला नाही. मिश्यांनी तिला चाचपत फेसाखाली नेलं आणि आपलं अंग वळवून तिच्याभोवती गुंडाळलं. बारीक अंडी वर फेसात तरंगत गेली. बहीण गालाला हात लावून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी नाव देणार नाही. पण अंडी घालून झाली तसा तोही मादीवर धावला, अंड्यांची राखण करायला तिला हाकलू लागला. बहिणीने ओंजळ तयारच ठेवली होती. तिने मादीला उचललं आणि रांजणात सोडलं.

तळ्यात तिला हाकललं असतं तर ती गवतात निघून गेली असती, गोष्ट संपली असती. पेटीला चारी बाजूंनी काच. आणि पेटी मासे आणत नाहीत, माणसं आणतात.

बहीण आता जाळी विणते, बाजारात बसते, माझ्यापेक्षा जास्त बोलते. बांगड्या पुन्हा घालते.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या घरात लेक माहेरी आली असेल, किंवा सून माहेरी जायला तळमळत असेल, तर आज तिच्या केसांना तेल लावायला बसा. बोट कुठे थांबलं तर पुढे सरकवू नका. तिथेच थांबा, आणि तिला विचारा. आणि अशा लेकीला न्यायला कोणी आलं तर त्याला पाणी द्या, जेवण द्या, लेक देऊ नका.