गोणपाटाचं सूत

मी आयुष्यात एकाच माणसावर हात उचलला आहे. तो माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा होता, आमच्या घरी कामाला आला होता आणि त्याची काहीही चूक नव्हती. एवढं लिहायला मला वीस वर्षं लागली. बायकोलाही खरं काय ते माहीत नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं. तोवर नाशिकला घरात एसी असणं म्हणजे जरा हसण्यावारी न्यायची गोष्ट होती. नव्वदच्या दशकात मे महिन्यातसुद्धा आम्हाला पहाटे पातळ चादर लागायची. आमच्या खिडकीत एसी बसला तेव्हा शेजारचे काका कंपाउंडवरून म्हणाले होते, "काय हो, द्राक्षं साठवताय की काय घरात?"

एसी वडिलांसाठी होता. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्यांवरून चाललेला माणूस खिडकीजवळच्या लोखंडी कॉटवर पडून होता. पाठीला जखमा झाल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "घाम येऊ देऊ नका. जखम चिघळली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

मेच्या सुरुवातीला मेकॅनिक येऊन सर्व्हिसिंग करून गेला. देवळ्याकडचा, पन्नाशीचा, मानेला पंचा गुंडाळलेला. त्याची एक पद्धत होती. मशीन चालू करायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवायचा आणि मूठ डाव्या कानाला लावून डोळे मिटायचा. "मीटर नंतर, साहेब. आधी कान. आतलं दुखणं कानालाच कळतं." उजव्या कानाने तसं ऐकू येत नाही, असं तो म्हणायचा. डावा कान त्याच्या धंद्याचा. वडील कॉटवरून त्याच्याकडे टक लावून पाहायचे. जाताना तो त्यांच्या पायाला हात लावून म्हणाला, "बाबा, झोपा आता गार."

त्यानंतर आठवड्याने ऊन अंगावर चालून आल्यासारखं आलं. परसात दोन साळुंक्या चोची उघड्या ठेवून मरून पडल्या. नळाच्या पाण्याने हात भाजायचा. दुपारी तीन-तीन तास वीज जायची आणि आली तरी एसीतून कोमट वारा यायचा. एसीचा मागचा भाग पश्चिमेला, पूर्ण उन्हात. माझ्या मनात आलं, बिचारं मशीनच तापलंय.

आमच्याकडे पूर्वी कूलर होता. कूलरच्या मागे ओलं गोणपाट बांधलं की हवा गार यायची, घरोघरी तसंच करायचे. मी कांद्याच्या दोन गोण्या उसवल्या, भिजवल्या आणि एसीच्या पाठीवर सुतळीने आवळून बांधल्या. वडील खिडकीतून बघत होते. त्यांनी डावा हात हलवला, दोनदा, नको-नको असा. मी म्हटलं, "पडून राहा हो तुम्ही."

दोन दिवस मी गोण्या भिजवत राहिलो. एसी बंद पडायचा, थोड्या वेळाने चालू व्हायचा, परत बंद. मी आणखी पाणी मारायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी जळका वास आला. मागे गेलो तर गोणपाट कोरडं ठाक होऊन जाळीला चिकटलेलं, आणि मशीन हात लावू देत नव्हतं. काय केलंय ते मला तिथेच उमगलं. मी गोण्या ओढून काढल्या आणि परसातल्या हौदामागे कोंबल्या. बायको ओरडून विचारत होती, "काय झालं?" मी म्हणालो, "सर्व्हिसिंगवाल्याने वाट लावली."

खोटं बोलण्याचा मला सराव होता. लहानपणी वडील मारायचे ते फक्त खोटं बोललो की. पट्ट्याने, पाठ सोलेपर्यंत. मी खोटं सोडलं नाही, सफाईने बोलायला शिकलो.

मेकॅनिक भर दुपारी सायकल मारत आला. तोवर वडिलांची चादर दोनदा बदलून झाली होती आणि पाठीच्या जखमेतून पाणी यायला लागलं होतं. त्याने स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले.

"नुसती गुणगुण हाय. मग टक् करून बंद. साहेब, कॉम्प्रेसर गेला. मागनं हवा कोंडली व्हती का? कायतरी लावलं व्हतं?"

"काही नाही लावलं. तुम्हीच उघडला होता ना मागच्या आठवड्यात?"

त्याने कोपऱ्यातलं स्टूल उचललं. बाहेर जाऊन स्टुलावर चढला. मी खाली उभा. काका कंपाउंडपाशी आलेच होते. त्याने जाळीतून चिमटीने काहीतरी ओढलं, खाली उतरला आणि तळहात माझ्यापुढे धरला. तागाचं सूत होतं, वीतभर.

"एसीला लुगडं नेसवलं व्हतं का, साहेब?" तो हसून म्हणाला. हसण्यात वाकडं काही नव्हतं. काका मात्र मोठ्याने हसले.

मी मारलं. उघड्या हाताने, डाव्या कानाखाली, खांद्यापासून ताकद लावून. आवाज पाटी फुटल्यासारखा आला. तो स्टुलावर कोसळला, स्टुलासकट फरशीवर गेला. "साहेब, अहो साहेब," म्हणत उठू लागला तेव्हा परत मारलं, त्याच कानावर. मग लाथ, बरगडीत. पाने-पक्कड फरशीवर विखुरली. मी बोलत होतो, "माझ्या बापाला मारतोस काय रे तू? हरामखोरा." एवढा वेळ 'अहो' म्हणत होतो त्या माणसाला. काकांचं हसू कधीच थांबलं होतं, पण ते कंपाउंड ओलांडून आले नाहीत. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा छातीत मोकळं वाटत होतं.

आत लोखंड वाजायला लागलं. वडील डाव्या हाताने कॉटचा दांडा बडवत होते.

मी थांबलो. मेकॅनिक भिंतीला टेकून बसला होता. कानातून रक्ताची बारीक धार मानेच्या पंच्यात उतरत होती. बायकोने पाणी आणलं. त्याने चूळ भरली, हत्यारं गोळा केली आणि आत आला. एसी परत चालू केला, स्क्रूड्रायव्हर लावला, सवयीने डावा कान टेकवला. थोडा वेळ तसाच राहिला. मग मूठ काढून उजव्या कानाला लावली. परत डाव्या. त्याचा चेहरा कसा होत गेला ते मी पाहिलं आहे.

"वहिनी, बाबांना पंख्याखाली कुशीवर घ्या," तो बायकोला म्हणाला. "पाठ उघडी ठेवा." माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी मी वडिलांची पाठ पुसायला वाकलो. त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या कानाखाली मारली. लागली नाही, हातात जोरच नव्हता. मग तोच हात खिडकीकडे नेला, जिथे गोण्या बांधल्या होत्या. बायकोने विचारलं, "काय म्हणतात हो?" मी म्हणालो, "एसी कधी येतो विचारताहेत."

तो ज्या दुकानातून यायचा तिथे मी स्वतः जाऊन सांगितलं की मशीन त्याने बिघडवलं. काकांनी साक्ष दिली, मारहाणीचा विषय कुणी काढला नाही. त्याला काढून टाकलं. दुसऱ्याने नवा कॉम्प्रेसर बसवला, जखमा सुकल्या आणि वडील आणखी दोन वर्षं त्या गार खोलीत जगले. माझ्या हातून पाणी मात्र ते डोळे मिटूनच प्यायचे.

ते गेल्यावर पाच-सहा वर्षांनी घोटीला कामासाठी गेलो होतो. बाजारातल्या एका टपरीत तो पंखे दुरुस्त करत बसला होता. दाढी पांढरी. त्याने मला ओळखलं. "बसा, साहेब. बाबा कसे हायेत?" गेले म्हटल्यावर त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. "एसीचं काम आता जमत नाय," तो सहज सांगावं तसं म्हणाला. "पंख्याला कान लागत नाय."

मी बाकड्यावर बसलो. त्याने मान खाली घालून पंख्याची तार गुंडाळायला घेतली आणि मी सगळं सांगितलं. गोण्या, हौद, दुकान, सगळं. समोर एक पंखा खडखडत फिरत होता. माझं संपलं तेव्हा त्याने मान वळवली.

"काय म्हनलात, साहेब? ह्या बाजूनं ऐकू येत नाय मला."

"काही नाही," मी म्हणालो. "काम बरं चाललंय ना, विचारत होतो."

त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बाकडं होतं. बसताना मी डावीकडचं बघून निवडलं होतं.