बाटल्या धुणारीची लेक

आमच्या शेजारीणबाईंना अख्खी गल्ली बाटलीताई म्हणते. नाव मीच ठेवलंय. गैरसमज नको हं, त्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्या धुतात. बावीस वर्षं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, पण परवा जे पेटलं ते वेगळंच होतं.

लेकीनं विद्यापीठाचा अर्ज आणला होता. नैसर्गिक संसाधने आणि पर्यावरणशास्त्र. फक्त आईची सही राहिली होती आणि मुदत पाचपर्यंत. मी वेळेवर टपकलेच.

"काय गं, माळीण होणार का?"

"माळीण झाली तर पाठ थोपटीन!" ताई कडाडल्या. "आमच्या साहेबाकडे हीच डिग्री आहे. फ्रेम करून टांगलीय. कारखान्याच्या नाल्यावर उन्हात कोण मरायला जाणार? ऑफिसच्या फिल्टरखाली बाटली धरायची, वर नाल्याची चिठ्ठी चिकटवायची. पाणी शुद्ध! आणि हिला त्याच खुर्चीत बसायचंय!"

"तुला कसं कळलं, फिल्टरचं पाणी ते?" लेकीनं विचारलं.

"अगं, नाल्याची बाटली धुताना बुडाचा गाळ सुटता सुटत नाही. हाताचा वास जेवणापर्यंत जात नाही. ह्याच्या बाटल्या? आल्या तशाच लख्ख. धुवायच्या तरी काय!"

"मग बोलली का नाहीस?"

आता पोरीला बसते एक.

"बोलले. एकदाच. म्हणाला, बाई, तुमचं शिक्षण किती? सातवी? मग ब्रश घासा." ताईंचा आवाज फाटला. "पोराच्या वयाचा तो! सगळ्यांसमोर!"

"म्हणून तर मला तीच डिग्री हवीय," लेक म्हणाली.

ताईंनी कागद हिसकावला. मला वाटलं, फाडणार. त्यांनी दात-ओठ खात सही ठोकली.

"घे. पण ज्या दिवशी फिल्टरखाली बाटली धरशील, त्या दिवशी हा उंबरा ओलांडायचा नाही."

"आई, अगं..."

"आई-बिई काही नाही. पळ, साडेचार वाजले!"

पोरगी सुटली. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "चला, घरात साहेबीण येणार!"

"साहेबीण गेली खड्ड्यात. मला नाल्यात उतरणारी हवीय. आणि तुम्ही दात काय काढताय? त्या नाल्याकाठच्या विहिरीचंच पाणी येतं तुमच्या नळाला."

मी दात मिटले.