पंखाच्या कडेपर्यंत

"आधी पंख मोजा, मंग पळा."

मारेगावच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मॅडमच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस तुम्हाला सापडणार नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं स्टाफरूममध्ये. खिडकीतून काहीतरी तपकिरी, केसाळ असं भुणभुणत आत आलं आणि टेबलाच्या वर हवेत एकाच जागी थांबलं. इतिहासाचे सर खुर्चीमागे गेले, मी दाराशी. मॅडम डबा खात होत्या. त्यांनी हातातला घास तसाच ठेवून मान वर केली.

"मधमाशीले चार पंख असते. हिले दोनच हायेत. डंखही नाही. बसा, चहा थंडा होऊन राह्यला."

ती बी-फ्लाय होती. रूप मधमाशीचं, जात माशीची. चहा संपेपर्यंत मॅडमनी आम्हाला ती अख्खी शिकवली. डोक्यावर डोळेच डोळे, मिशा आखूड. सोंड लांब, ताठ, आत न ओढता येणारी. पाय बारीक. बसली की पंख विमानासारखे बाजूला पसरलेले. आणि मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन गुठळ्या, उडताना तोल सांभाळायला. मी मराठीचा मास्तर. मला त्यातलं निम्मंच कळलं, पण हा माणूस कळला.

मॅडम मूळच्या नेरच्या. वडिलांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं, ते आता भाऊ चालवायचा. "पंप खोलल्याबिगर बिघाड सांगाचा नाही, हा अब्बांचा कायदा होता," असं त्या सांगायच्या. माश्यांच्या बाबतीतही त्यांनी हाच कायदा लावला होता. दुरून पाहून नाव सांगणाऱ्यावर त्यांचा विश्वास नसे.

केळापूरच्या वाटेवर एका नाल्याची उभी मातीची दरड आहे. एकट्या राहणाऱ्या मधमाश्या तिथे भोकं पाडून घर करतात आणि या माश्या त्या भोकांपुढे हवेत थांबून आत अंडी फेकतात.

"फेकतात?" मी विचारलं होतं.

"फेकतेच. नेम धरून."

हिवाळा सरत आला की मॅडमचा रविवार त्या दरडीसमोर जायचा. ओढणी डोक्याला गुंडाळून, गुडघे मातीत टेकून. एकदा शेळ्या घेऊन जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने थांबून विचारलं, "बाई, काही हरवलं काय?"

"नाही भाऊ," मॅडम म्हणाल्या, "सापडून राह्यलं."

खरंच सापडलं होतं. दरडीवरच्या एका माशीच्या पंखात त्यांना वेगळेपण दिसलं. या गटातल्या नेहमीच्या माशीच्या दोन शिरा पंखाच्या कडेच्या जरा आधी एकमेकींना मिळतात. मॅडमच्या माशीच्या शिरा न मिळताच कडेला पोचत होत्या. तसे तीन नमुने त्यांच्याकडे होते. म्हणजे ही कुणीच न नोंदलेली जात असू शकत होती. त्यांनी फोटो काढून पुण्याच्या एका तज्ज्ञांना पाठवले. उत्तर आलं, ही नेहमीचीच जात दिसते, पुन्हा तपासा.

"काहून दिसते नेहमीची? मी डोळ्यांनं पाह्यली ना," मॅडम म्हणाल्या. तपासणी करायचीच, असं त्यांनी ठरवलं.

पण नेमके डोळेच गेले. साखरेचा आजार जुना होता. एक दिवस वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्या थांबल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्यावर रक्त उतरलंय. उपचार झाले, पण नजरेच्या मधोमध एक डाग कायमचा राहिला. बाजूचं दिसायचं, समोरचं नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की भिंगात फक्त राखाडी धुकं.

त्यानंतर आठवड्याभराने त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, तुमच्यापाशी शब्द हायेत. मले डोळे पायजे. रविवारी मोकळे हाये का?"

मी म्हटलं, मला माश्यांमधलं काही कळत नाही.

"म्हणून तं. ज्याले कळते तो आपल्या मनातलं पायते. तुम्ही समोरचं पाहा."

त्यांनी जुने नमुने घेऊ दिले नाहीत. हंगामाच्या सुरुवातीच्या कोवळ्या माश्या हव्यात, म्हणाल्या. आम्ही वाट पाहिली. ऊन तापायला लागलं तसं दरडीवर जाऊ लागलो. जाळी माझ्या हातात, आणि मागून मॅडमचा आवाज, "आता नको. अजून नको. आवाज थांबू द्या, बसली की मारा." मी किती वेळा तोंडावर पडलो ते विचारू नका. पण सहा-सात माश्या मिळाल्या.

प्रयोगशाळेत मी भिंगाला डोळा लावला आणि सुरू केलं, "पंखाचा पुढचा अर्धा भाग संध्याकाळच्या..."

"सर, उपमा नको. रंग सांगा."

"तपकिरी. पुढे गडद. मागे पारदर्शक."

"गडदपणा एकदम संपते का हळूहळू?"

"हळूहळू."

"आता शिरा. कडेकडून या."

मी कडेकडून आलो. दोन शिरा कडेच्या अगदी जवळ आल्या होत्या आणि केसभर आधी एकमेकींना मिळाल्या होत्या. तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "दुसरी घ्या." दुसरीतही तेच. सगळ्यांत तेच.

"आता माझी जुनी घ्या. शिरा सोडा. कड पाहा फक्त. कशी हाये?"

मी पाहिलं. कड फाटलेली होती. दातरी, झिजलेली. तिन्ही नमुन्यांची.

मॅडम स्टुलावर बसल्या. हंगाम संपताना पकडलेल्या म्हाताऱ्या माश्या होत्या त्या. हंगामभर उडून आणि मातीला घासून पंखाची कड गेली होती आणि तिच्याबरोबर शिरा जिथे मिळतात ती जागाही. त्यामुळे शिरा मोकळ्याच कडेला पोचल्यासारख्या दिसत होत्या.

खिडकीबाहेर मुलं व्हॉलीबॉल खेळत होती. सांत्वनाचं काही बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "मेल लिहा, सर. पुण्यावाल्यांचं बरोबर हाये असं लिहा. आणि झिजल्या पंखानं माणूस कसा फसते तेही लिहा, फोटोसकट. कोणी दुसरा फसाले नको." मजकूर त्यांनी एकदाही न अडखळता सांगितला. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी दुसरी दरड पाहू."

आम्ही दुसरी पाहिली, तिसरीही पाहिली. मग त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि नेरला जायचं ठरवलं. तिथल्या मुलींच्या शाळेत त्यांना माश्या शिकवायच्या होत्या. पगाराचा प्रश्न नव्हता, शाळा हो म्हणाली होती. पुढे दोन हिवाळे त्यांनी तिथे शिकवलं आणि तिथेच त्या गेल्या. बातमी मला दफन झाल्यावर कळली. म्हणून त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मारेगावच्या स्टँडवरच.

यवतमाळची एसटी लागली होती. भावाचा मुलगा यवतमाळला घ्यायला येणार होता. मी हात द्यायला गेलो, तर त्यांनी दांडी स्वतः शोधली आणि चढल्या. मांडीवर काचेच्या झाकणाचा डबा, आत टाचणीला लावलेल्या माश्या. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला आणि डब्याकडे पाहून मागे सरकला.

"बाई, मधमाश्या घेऊन चढला काय?"

मॅडमनी काय उत्तर दिलं ते इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. गाडी निघाली. त्यांनी झाकण उघडलं होतं आणि बोट ठेवून काहीतरी दाखवत होत्या. मागच्या सीटवरची एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी राहिली. गाडी वळली तेव्हाही कंडक्टर तिकिटं सोडून, वरच्या दांडीला एका हाताने धरून, डब्यावर वाकलेलाच होता.