धारेखालचा हात

"थो पडते," ती म्हणाली आणि निवडलेले तीळ सुपातून डब्यात ओतले.

शुक्रवारची संध्याकाळ होती. पांढुर्ण्याच्या कुस्त्यांच्या दंगलीचं पत्रक माझ्या मांडीवर होतं. मी दुसरीपर्यंत शिकलो. वाचताना ओळीवर बोट ठेवावं लागतं. मी एकेक जोड वाचायचो आणि ती तिळातले खडे वेचता वेचता निकाल द्यायची. हा पडते. हा उठते, पण उशिरा. हे दोघं लोळत राहतीन, पंच कंटाळून सोडवतीन. पत्रक संपलं तशी म्हणाली, "कंदिलाची काच पुसा, मी भाकरी टाकून राहिली." मी काच पुसली. तिने भाकरी टाकली. आम्ही दोघांनी सोबत केलेलं शेवटचं काम ते.

तुमच्यापैकी कोणी सौंसरच्या बाजारात आमच्या घाण्यावरून तेल नेलं असेल तर माझ्या बायकोला पाहिलं असेल. म्हणजे तिचा हात पाहिला असेल. ती उंबरठ्याच्या आत, गिऱ्हाईक बाहेर, मधे पळी आणि तेलाची धार. तिचं नाव मी चाळीस वर्षांत कधी घेतलं नाही. इथेही घेणार नाही.

तिने आयुष्यात एक कुस्ती पाहिली नाही. आमच्याकडे बायका दंगलीला जात नसत, आखाड्याची तर पायरीही चढत नसत. पण कोणता पहिलवान पडणार आणि कोणता उठणार हे तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. दंगल जवळ आली की आमच्या ओट्यावर चार शौकीन जमायचे. त्यांत मास्तर पुढे, कारण ते नागपूरचा पेपर वाचायचे. आणि शेजारचा शिंपी, कारण त्याला घरी कोणी बोलू देत नसे.

"वजन पाहा, वजन," मास्तर म्हणायचे. "छाती पाहा त्याची. दारातून आडवं जावं लागते."

"वजनानं कुस्ती होत असती तं मास्तर, तुमची म्हैस गदा घेऊन आली असती," शिंपी म्हणायचा.

तेवढ्यात आतून आवाज यायचा, "थो पडते."

"वयनी, तुमी पाहिला तरी काय त्याले?"

"मले काय करायचं पाहून? तुमी पाहून या अन् मले सांगा."

मास्तर पाहून यायचे. मग आठ दिवस तेल न्यायला बायकोला पाठवायचे.

तिला कसं कळतं हे मलाही पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. पहिलवान लोक शनिवारी मारुतीला तेल वाहतात, त्यासाठी ते आमच्याकडे यायचे. मारुतीचं तेल उजव्या हातातच घ्यायचं आणि भरेपर्यंत भांडं खाली टेकवायचं नाही, असा आमच्या भागातला दंडक. तर पहिलवान बाहेर उभा, उजवा हात उंबरठ्यावरून सरळ आत केलेला, हातात पितळेची चरवी, आणि ही वरून दोऱ्यासारखी बारीक धार सोडणार. मला वाटायचं, हिचा हातच चिकट.

"अवं, गिऱ्हाईक ताटकळून राहिलं. ओत ना झटकन," मी म्हणायचो.

एकदा तिने सांगितलं. "मनगट हाललं तं काई नाई, थे सर्वाईचं हालते. खांदा हालला तं समजा माणूस आतून गेला. थो किती का डोलत चालंना."

हे तिने मला सांगितलं, दुसऱ्या कोणाला नाही. शौकिनांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की हिच्या अंगात काही येतं.

आता बोरगावच्या पहिलवानाचं सांगतो. त्याच्याशिवाय तिचं काही सांगता येत नाही.

आम्हाला पोरबाळ नव्हतं. तिचा धाकटा भाऊ आमच्याकडेच वाढला. घाण्याचा बैल थकला तर स्वतः जू धरील असा गडी. गोरे गेले त्या वर्षी मालगुजाराने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, झेंड्याच्या खुशीत दंगल भरवली आणि आमच्या पोराची जोड बोरगाववाल्याशी लावली. आदल्या दिवशी मालगुजाराचा माणूस दोघांना मारुतीपुढे घेऊन गेला. म्हणाला, उद्या खुशीचा दिवस आहे, कोणी हरायचं नाही, थोडा वेळ खेळा, पंच बरोबरीत सोडवतील. दोघांनी शेंदराला हात लावला.

दुसऱ्या दिवशी पंचांनी हात वर केला तसा आमच्या पोराने पकड सोडली आणि गळाभेटीसाठी दोन्ही हात पसरले. बोरगाववाल्याने त्याला तसाच कमरेत उचलला आणि डोक्यावर टाकला. लोक ओरडले. मीपण ओरडलो, खोटं कशाला सांगू, डाव सुंदर होता. मग पाहिलं, मान कोणीकडे आहे ते.

पोरगा तीन वर्षं आमच्या मागच्या खोलीत बाजेवर होता. मानेखाली काही हलत नव्हतं. ती त्याला भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची. तीन वर्षांनी तो गेला.

आणि तो बोरगाववाला? दंगलीनंतरच्या शनिवारी चरवी घेऊन हजर. बाजेपासून पाच पावलांवर उभा. पोराचं कण्हणं बाहेर ऐकू येत होतं. कसा आहे म्हणून त्याने विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या शनिवारी नाही, तीन वर्षांत कधीच नाही. आम्ही मयत बाहेर काढली त्या आठवड्यातसुद्धा तेल घेतलं आणि गेला.

मी तिला म्हटलं होतं, "याले देऊ नोको. हाकलतो मी."

"येऊ द्या," ती म्हणाली. "थो येत राहिला पायजे."

त्याच्यासाठी धार सगळ्यांत बारीक असायची. मी पाहत होतो. डोळे त्याच्या तोंडाकडे नाहीत, खांद्याकडे. दरवर्षी ओट्यावर त्याच्या कुस्तीची चर्चा निघायची आणि दरवर्षी आतून यायचं, "नाई पडत." आवाज असा, की जणू दाताखाली खडा आला. शिंपी म्हणायचा, "वयनी बोरगाववाल्याची मोठी भक्त हाय बाप्पा!" दुसरी बाई असती तर रागाने तरी म्हणाली असती की पडते. तिने एकदाही खोटं सांगितलं नाही. तो पडत नव्हता, तर नाही पडत.

नऊ वर्षं गेली. मग प्रांत मोडले. अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने सकाळी निघावं आणि कचेरीचं काम करून परत यावं, ते नागपूर मुंबई राज्यात गेलं. आमची राजधानी भोपाळ झाली. ते कोणीकडे आहे हे मास्तरांनी आम्हाला नकाशात दाखवलं. त्याच थंडीत पांढुर्ण्याला मोठी दंगल जाहीर झाली. शेवटची जोड बोरगावचा आणि नागपूरचा एक पहिलवान. ओट्यावर नुसती आग.

"आपल्या राज्याच्या इज्जतीचा सवाल हाय," मास्तर म्हणाले.

"कालपर्यंत नागपूर आपलंच होतं न जी?"

"काल होतं. आज पाडाचं त्याले."

"पाडाचं काय, उचलून चंद्रभागेत टाकाचं," शिंपी म्हणाला. "नागपूरवाल्याची मान म्हणजे कवळी काकडी."

सगळे आत कान लावून बसले. त्या दिवशी आतून काहीच आलं नाही. दंगलीला आठ दिवस होते. दुसरा दिवस शनिवार.

तो आला. हात आत केला. धार सुरू झाली. अर्धी चरवी भरली आणि मी पाहिलं, त्याचा खांदा हलला. फार नाही, झोपेत बैलाची कातडी थरथरते तेवढा. तिने धार आणखी बारीक केली. त्याच्या कपाळाला घाम आला, थंडीत. चरवी काठोकाठ भरेपर्यंत तिने पळी थांबवली नाही. तो गेला. ती वळली, पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "छोटी गाडी कितीक वाजता हाय?"

मी नागपूरला गेलो. त्या पहिलवानाचा आखाडा शोधला. त्याच्या कानात तिने सांगितलं होतं तेवढंच सांगितलं. उजवा खांदा. उचलू नको, ओढ. त्याने विचारलं, तुम्ही तिकडचे ना? मी म्हटलं, तिकडचाच.

मला वाईट वाटलं असेल असं कोणी समजू नका. परतीच्या गाडीत मी संत्रं सोलून खाल्लं आणि शेजारच्यालाही फोडी दिल्या.

दंगलीत मी पुढे बसलो होतो. नागपूरवाल्याने दोन वेळा खोटी पकड केली, तिसऱ्या वेळी उजवा हात मनगटात धरला आणि ओढून पिरगाळला. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात तुटावी तसा आवाज झाला. घरी येऊन मी तिला सांगितलं.

"ओरडला काय?" तिने विचारलं.

"ओरडला."

"कितीक?"

"लय."

मागच्या खोलीत भावाच्या बाजेवर तिळाची पोती रचलेली असायची. तिने ती एकटीने खाली उतरवली, बाज अंगणात आणली आणि धुतली. मग बाजेवर बसून भाकर खाल्ली. इतक्या वर्षांत तिला पोटभर जेवताना मी तेव्हा पाहिलं.

पण तिथे ते संपलं नाही. बोरगाववाल्याच्या मनाने घेतलं की आपल्या म्हाताऱ्या वस्तादानेच फितुरी केली, कारण खांद्याचं त्यालाच ठाऊक होतं. म्हाताऱ्याला त्याने आखाड्यातून हाकलला. तो लोधीखेड्याला लेकीकडे जाऊन राहिला. हे ऐकलं त्या दिवसापासून तिचं जेवण पुन्हा उतरलं.

"त्याले समजलं पायजे," ती म्हणायची. "कोणं केलं थे समजलं पायजे."

"झालं न आता. मोडला न त्याचा हात."

"बैल चिखलात घसरला तरी पाय मोडते. मंग त्यात माह्या भावाचं काय आलं?"

मी तिला सांगू दिलं नाही. लोक घाणा जाळतील, राज्याचा गद्दार म्हणतील, मास्तरच पहिली काडी लावतील, असं मी म्हणायचो. पुढच्या शनिवारी सांगू, संक्रांत होऊ दे, माल विकला जाऊ दे. तीन वर्षं मी तिला अशी थांबवली. तो मात्र दर शनिवारी यायचा. उजवा हात खांद्यापासून लुळा, म्हणून चरवी डाव्या हातात. मारुतीचं तेल डाव्या हातात देत नाहीत. ती द्यायची. धार जाड असायची, आता पाहायचं काही उरलं नव्हतं. तो गेला की माझ्याकडे अशी पाहायची, की मी बैल सोडायच्या निमित्ताने बाहेर जायचो. भीती माझी होती. तिला भीती नव्हती. हे मी सांगून ठेवतो, कारण आता मला कोणी विचारणार नाही.

मग तिसऱ्या वर्षीच्या दंगलीचं ते पत्रक आलं. त्या शुक्रवारी काच पुसून झाल्यावर जेवताना ती म्हणाली, "उद्या मी सांगीनच त्याले. तुमी घरी नोका राहू पायजे तं."

मी म्हटलं, "पाहू."

सकाळी ती उठली नाही. मी दोन वेळा हाक मारली. तिसऱ्यांदा हात लावला. आजारी नव्हती, काही नव्हतं. मी तिच्याजवळ बसून राहिलो. रडलो की नाही ते आठवत नाही. बैल हंबरत होता, त्याला पाणी दाखवायचं होतं, ते दाखवलं. परत येऊन बसलो. शेजाऱ्यांना हाक मारायची हे डोक्यातच येत नव्हतं.

उन्हं उंबरठ्यावर आली आणि बाहेर चरवी वाजली. मी दारात गेलो.

त्याने माझ्या मागे आत पाहिलं. म्हणाला, "वयनी नाई काय आज?"

माझ्या घरातल्या कोणत्याही माणसाबद्दल त्याने विचारलेला तो पहिला सवाल.

मी म्हटलं, "आयक. तुह्या खांद्याचं नागपूरले कोणं सांगितलं, ठाऊक हाय काय तुले?"

"वस्तादानं."

"वस्ताद नाई. तिनं. इथंच उभा होता तू, तिनं धार सोडली अन् तुहा खांदा हालला. तिनं मले धाडलं, मी गेलो. तिच्या भावासाठी. आता जा लोधीखेड्याले अन् म्हाताऱ्याच्या पाया पड."

त्याच्या तोंडाचा रंग उतरत गेला. तो मी सगळा पाहिला, तिने पाहिला असता तसा, घाई न करता. मग म्हणाला, "मले भेटू द्या वयनीले. एक डाव आत येऊ द्या."

"बारा वर्षं दार उघडं होतं," मी म्हटलं.

आणि दार लावून घेतलं. त्याची पावलं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकली. मग मागच्या दाराने जाऊन शिंप्याला हाक मारली आणि सांगितलं, ये रे, ती गेली.