बाबांच्या मशीनची हवा

बहिणीच्या लग्नाला बाहेरचा फोटोग्राफर लावायचा नाही, हे मीच ठणकावून सांगितलं होतं. घरात मी असताना परक्याने फोटो काढायचे, मग माझी काय इज्जत राहिली? म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी छतावरून आभाळाचा एक फोटो काढून पाहिला आणि वरच्या कोपऱ्यात काळा ठिपका दिसला, तेव्हा कॅमेरा घेऊन तिथंच खाली बसलो. भिंग पुसलं, भिंग बदललं. ठिपका जागचा हलेना. म्हणजे धूळ आत, थेट सेन्सरवर.

रबरी फुग्याने हवा मारून झाली. गोंदियातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "भैया, हाथ मत लगाना. नागपुर ले जाओ." नागपूरला जाणार कधी? दुपारी हळद होती.

बाबा राइस मिलमध्ये तांदूळ निवडायच्या मशीनवर कामाला आहेत. धारेतून काळा दाणा खाली आला की हवेचा झटका बसतो आणि तेवढाच दाणा बाजूला उडतो. घरीसुद्धा ताटातला काळा दाणा आधी त्यांनाच दिसतो. माझ्या खांद्यावरून त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसती नजर टाकली.

"हा काऊन डाग आहे इथं?"

"आत धूळ गेली, बाबा. निघूनच नाही राहिली."

"मंग कायले घाबरून राहिला? चाल मिलमधी. हवेचा एक झटका देतो."

असं करू नये, हे मला माहीत होतं. पण माझ्या कॅमेऱ्यात त्यांनी पहिल्यांदाच लक्ष घातलं होतं, आणि घाबरलेल्या माणसाला कुणाचाही आत्मविश्वास पुरतो. मशीनशेजारी सफाईची हवेची नळी होती. त्यांनी तिचं तोंड गळ्यातल्या पिवळ्या गमछ्याने पुसलं आणि मी उघडून धरलेल्या कॅमेऱ्यात अलगद एक झटका दिला.

ठिपका गेला. पण नळीतून हवेबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही आलं होतं. पुढच्या फोटोत आभाळभर बारीक शिंतोडे दिसले. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

"निंगाला का?" बाबांनी विचारलं.

"निघाला," मी म्हणालो. उद्या मुलीला सासरी धाडणाऱ्या माणसाला आणखी काय सांगणार होतो?

एकच वाट उरली होती. भिंगाचं तोंड, म्हणजे ॲपर्चर, पूर्ण उघडं ठेवलं की असे डाग विरून जातात. मात्र मग ज्याच्यावर फोकस धरावा तेवढंच स्पष्ट येतं, मागचं सगळं पुसट होतं. अख्खं लग्न मी तसंच काढलं. प्रत्येक फोटो पडद्यावर मोठा करून डाग शोधत होतो. वरमाला पडली तेव्हाही मी पडद्यातच डोकं घालून होतो. बहिणीचं लग्न मी धड पाहिलंच नाही, याचं आजही वाईट वाटतं.

बाकीचे लोक फोटोसाठी रांगेत उभे राहायचे. बाबा मात्र, गळ्यात तोच पिवळा गमछा, कुठेच थांबत नव्हते; कधी पाण्याचा जग, कधी कुणासाठी खुर्ची. कन्यादानालाही मी फोकस बहिणीच्या चेहऱ्यावर धरला. बाबा हातभर मागे होते.

अल्बम आला तेव्हा बाबांनी चष्मा लावून एकेक पान तपासलं, अगदी मिलमधल्या तांदळासारखं. मी समोर बसून होतो.

"एकबी डाग नाही," ते खूश होऊन म्हणाले. "पाह्य, माह्या मशीनची हवा!"

मग ते बिदाईच्या फोटोपाशी थांबले. बहीण रडत होती, तिच्या पापणीवरचं पाणीसुद्धा स्वच्छ आलं होतं. तिच्यामागे एक पिवळसर, पुसट आकृती होती. बाबांनी त्या आकृतीवर बोट ठेवलं.

"हा मांगं कोन उभा आहे?"

"तुम्ही आहात, बाबा."

त्यांनी चष्मा काढला, गमछ्याने नीट पुसला आणि पुन्हा पाहिलं.