बुडाशी न मारलेला शिक्का

झाड तोडीसाठी निवडलं की त्यावर दोन शिक्के मारायचे, हे आम्हाला वनशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. कुऱ्हाडीनं तळहाताएवढी साल काढायची आणि उघड्या लाकडावर अक्षर कोरलेला हातोडा हाणायचा. एकदा छातीच्या उंचीवर, एकदा अगदी बुडाशी. वरचा शिक्का लाकडासोबत डेपोत जातो, खालचा खुंटावर राहतो. खुंटावर शिक्का नसला तर ते झाड चोरीचं. त्यामुळे ठेकेदाराची माणसं बुडाशी वाकून पाहिल्याशिवाय कुऱ्हाड उचलत नसत.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. नागपूरच्या आमच्या कॉलेजची शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा उमरेडच्या पलीकडच्या जंगलात होती. तिथलं मिश्र जंगल साफ करून सागवान लावायचं ठरलं होतं आणि आम्ही परीक्षेत मारलेले शिक्केच तोडीला चालणार होते. प्रत्येकाला एकेक पट्टा नेमून दिला. सागाखेरीज जे उभं आहे त्यावर शिक्का, एवढाच हुकूम. माझ्या पट्ट्यात मोहाची तीन म्हातारी झाडं आली.

फळझाडं राखायची, असं आमच्याच पुस्तकात होतं. मी सरांना तसं विचारलं. सर स्वभावानं वाईट नव्हते, पण वरून आलेल्या हुकमाचे पक्के.

"पोकळ आहेत ती," ते म्हणाले. "जंगलात काय शेंदूर फासून ठेवायची आहेत? मार."

एका मोहाखाली एक बाई पाला झाडत होती. फुलं वेचता यावीत म्हणून ती गळायला लागायच्या आधी खालची जमीन अशी साफ करून ठेवतात. कोणता मोह कोणत्या घराचा, हे गावात ठरलेलं असतं. तिनं माझ्या हातातला हातोडा पाहिला.

"पाडून राहिले का गा हे?"

मी हातोडा पाठीमागं धरला.

"मंग मी झाडू का नको, तेवढं सांग. उगाच कंबर काहून मोडू?"

"झाडा मावशी," मी म्हणालो.

मग मी तिन्ही मोहांवर छातीच्या उंचीला शिक्के हाणले आणि बुडं तशीच सोडून दिली.

दुपारी सर तपासायला आले. सोबत होस्टेलमधला माझा खोलीवाला होता. बुडाशी साल शाबूत पाहून तो हसला. "झाडाले वरूनच आंघोळ घातली का बे? पाय राहिले ना."

सरांनी त्याला पुढं पिटाळलं. मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "ऊन फार आहे. माणूस विसरतो. विसरलो म्हण, आत्ता मार, मी पूर्ण मार्क देतो."

हातोडा त्यांनीच माझ्यापुढं धरला. भिवापूरला आमचे बाबा अंगणात मिरची पसरताना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "पोरगा रेंजर होऊन राहिला." धाकट्या भावाचं कॉलेज माझ्या पहिल्या पगाराची वाट पाहत होतं. एका शब्दाचं काम होतं.

"विसरलो नाही, सर."

"मग?"

"मारणार नाही."

"नापास करीन."

"करा."

 हातोड्याकडं माझा हात गेला नाही.

त्यांनी मला नापास केलं. दुसऱ्या दिवशी सरांच्या सांगण्यावरून माझ्या खोलीवाल्यानं तिन्ही बुडांवर शिक्के मारले आणि त्याच हंगामात, फुलं गळायच्या आधीच, ती झाडं पडली. माझ्या नकारानं एकही मोह वाचला नाही. त्या बाईला मी 'झाडा' म्हणालो होतो. तिची कंबर मी फुकट मोडायला लावली.

घरी सांगितलं तेव्हा बाबा मिरचीचे देठ खुडत होते.

"विसरलो म्हणाची तुले काय लाज वाटली गा? मले तर रोजच काही ना काही आठवत नाही."

"मले आठवत होतं, बाबा."

"मग याले सांग," त्यांनी भावाकडं बोट केलं. "याच्या तोंडाकडं पाहून सांग."

मी खाली पाहून मिरचीचे देठ खुडू लागलो. त्या वर्षी भाऊ कॉलेजात गेला नाही. एक वर्षापुरता म्हणून तो नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुनीम झाला आणि तिथंच राहिला. मी पुढच्या वर्षी पास झालो, खाकी घातली, जीपमधून फिरलो. त्याच्या तोंडचा घास खाऊन मी मोठा झालो, असं मला आजही वाटतं. ते कुणी म्हणत नाही, म्हणून जास्तच वाटतं.

परवा त्याच्या घरी जेवायला गेलो होतो, तेव्हा शेवटी बोललो. "तुझं कॉलेज माझ्यामुळं गेलं. मला माफ कर."

"गेलंच ना," तो हसत म्हणाला. "झाडं वाचवाले गेला, झाडं बी गेली अन् कॉलेज बी. असा सौदा मी केला असता दादा, तर शेठनं मले गोदामातून हाकलून देल्लं असतं."

मीही हसलो. तो मात्र थांबला.

"आता सांग. पुन्हा तोच सर, तेच झाड. म्हणशीन का विसरलो?"

त्याची बायको भाकर वाढता वाढता थबकली. 'हो' म्हणावं असं मला फार वाटलं. त्या 'हो'वर त्याचा हक्क होता.

"म्हणणार नाही," मी म्हणालो.

"मंग माफी कायची मांगून राहिला?"

"तुझ्या गेलेल्या वर्षांची. त्या नकाराची नाही."

तो खाली मान घालून जेवत राहिला. त्यानं मला माफ केलं की नाही, हे मला कळलेलं नाही. न विचारता निघून आलो. त्यानं पुन्हा विचारलं, तरी माझं उत्तर तेच राहील.