क्योतोतल्या चौकात धुतलेले पाय

क्योतोच्या त्या गल्लीत शिरलो तेव्हा माझं व्याख्यान चालू होतं. चिनी लोक चारी बाजूंना घरं बांधून मध्ये ऐसपैस अंगण ठेवतात, जपान्यांनी ते अंगण उचललं आणि धुवून आटवलं, असं मी इराला समजावत होतो. हे ज्ञान मी सकाळीच शिंकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेन) फोनवर मिळवलं होतं. इरा माझी मुलगी, तेरा वर्षांची, टोकियोजवळच्या इचिकावातच वाढलेली. ती नुसतं "हं" म्हणाली. जपानीत "हं"चे बरेच अर्थ होतात. मला एकही येत नाही.

घर बघायची कल्पना तिची. शाळेच्या प्रकल्पासाठी तिला एका जुन्या माचियाचा (व्यापाऱ्याचं अरुंद, लांबलचक घर) चौक चितारायचा होता. मालकीण मोरीसान सत्तरीच्या, घर कुणाला दाखवत नाहीत. इराने त्यांना स्वतः तीन पत्रं लिहिली, तेव्हा दोन भेटींची परवानगी मिळाली. आज पेन्सिल, पुढच्या खेपेला रंग. माझं काम फक्त सोबतीचं. दहा वर्षांत मला ऑफिसपुरतं जपानी येऊ लागलंय, म्हणजे माफी मागता येते आणि मीटिंग पुढे ढकलता येते.

घराचं तोंड दुकानाच्या गाळ्याएवढं. आत मात्र ते संपतच नाही. एक अंधारी खोली, मग आणखी अंधारी खोली, आणि एकदम उजेड: त्सुबोनिवा (घराच्या पोटातला चौक). जेमतेम चार चटया मावतील एवढी जागा. त्यात एक दगडी कंदील, पाण्याने भरलेलं दगडी भांडं, त्यावर बांबूचं ओगराळं, आणि सगळीकडे शेवाळ. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एवढं शेवाळ धरलं असतं तर सेक्रेटरीला राजीनामा द्यावा लागला असता. इथे मोरीसान त्यातलं गवत रोज चिमट्याने काढतात.

त्यांनी गार चहा दिला, सोबत तांदळाच्या पिठाचा, पुरण भरलेला गोळा. मोदकाचा गरीब चुलतभाऊ. मी दोन खाल्ले.

इराचं चित्र अर्धं झाल्यावर मोरीसान तिला स्वयंपाकघराचं उंच छप्पर दाखवायला घेऊन गेल्या. मी एकटा उरलो. दिवस उन्हाळ्याचे, मी सँडल घालून आलेलो, आणि चटईवर माझ्या घामट पायांचे ठसे उमटलेले. मला लाज वाटली. समोर चौक, पाणी, ओगराळं. बाहेरून आलं की पाय धुवायचे, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी शेवाळात उतरलो आणि पाय घोट्यांपर्यंत चांगले चोळून धुतले. आपण किती रीतीने वागतोय, असंच तेव्हा वाटत होतं.

वर आल्यावर दिसलं. शेवाळ सालासारखं सुटलं होतं. नऊ नंबरची दोन पावलं, बोटांसकट.

दोघी परत आल्या. मोरीसान चौकाकडे बघत राहिल्या. माफीचं वाक्य मला झोपेतही येतं. पण तोंडून निघालं, "नेको?" (मांजर?)

"चांगलं धष्टपुष्ट असणार," मोरीसान हसून म्हणाल्या. मी उत्साहाने मान डोलावली.

मग इरा गुडघ्यांवर बसली, कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकली आणि म्हणाली, चूक माझी आहे, मी उतरले होते. एवढं जपानी मला कळतं. कळूनही मी गप्प बसलो.

"मुलांचे पाय किती भराभर वाढतात नाही," मोरीसान माझ्या ओल्या पायांकडे बघत म्हणाल्या. शेवाळाला आता बरेच दिवस विश्रांती लागेल, असं गोड आवाजात सांगत त्या आम्हाला थेट दारापर्यंत सोडायला आल्या. किती सुसंस्कृत बाई, रागावल्यासुद्धा नाहीत, असं मी गल्लीत इराला म्हणालो.

"बाबा, पुन्हा येऊ नका म्हणाल्या त्या. क्योतोत असंच सांगतात."

"मग तू का घेतलंस अंगावर?"

"कुणीतरी माफी मागायला नको?"

 चित्र अर्धंच राहिलं.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं, रडवेला होऊन. ती कचरा वेगळा करत होती, प्लॅस्टिक एका पिशवीत, कागद दुसरीत. "हे मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "त्यांना लिही."

लिहायला बसलो. जपानी तपासून दे, असं इराला म्हटलं, तर ती म्हणाली, "चुका राहू देत. नाहीतर त्यांना वाटेल पुन्हा मीच लिहिलंय."

दोन महिने झाले, पत्र पहिल्या ओळीपुढे गेलेलं नाही. त्याऐवजी हे लिहिलं. इतकं सविस्तर, इतकं प्रांजळ, आणि मोरीसानना वाचता येणार नाही अशा भाषेत.